गिरणीचा दोष नव्हता

"हाव हाव, कळालं."

समोरच्यानं काहीही सांगितलं तरी गिरणीवाले मामा आधी हे म्हणायचे. म्हणताना मान जराशी कलवायची, पापण्यांवरचं पीठ मनगटानं पुसायचं आणि डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावर असे रोखायचे, की नवीन माणसाला वाटावं, आपल्या दातात काही अडकलंय की काय. लातूरच्या आमच्या गल्लीत मी राहायला आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. ज्वारीचा डबा ठेवून घरी आले आणि आधी आरशात दात बघितले.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. सगळे त्याला रोज भेटतात, पण त्याच्याशी पाच मिनिटं सलग कुणी बोललेलं नसतं. मामा तसे होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या घराण्यात अजून पोरींची लग्नं व्हायची आहेत, आणि अशा गोष्टीत नाव आलं की ती कशी अडतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या मुलीचं नावही मी बदललंय. इथं तिला शिवलीला म्हणते.

गिरणी म्हणजे त्यांच्या घराचीच रस्त्याकडची खोली. जातं सुरू झालं की शेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. दळण आणलेल्या बाया एकमेकींच्या कानाला तोंड लावून बोलायच्या, हातवारे करायच्या, शेवटी कंटाळून गप्प बसायच्या. त्या सगळ्या गोंगाटात मामा एकटे निवांत असायचे. गिरणीच्या पोटावर तळहात ठेवून उभे राहायचे. हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून त्यांना कळायचं, धान्य संपत आलंय, पट्टा सैल झालाय, दगड गुळगुळीत झाला, त्याला टाकी लावायची वेळ झालीय. मोटार बिघडण्याच्या दोन दिवस आधी ते सांगायचे, "उद्या-परवा दळण आणू नका, हिची तब्येत बरी न्हाई."

त्यांच्याशी बोलायची बायांनी एक सोय करून घेतली होती. डबे ठेवायच्या फळीवर पिठाचा थर कायम असायचा. त्यावर बोटानं लिहायचं, 'भाकरीचं', 'लाडवाचं', 'बारीक'. मामा वाचायचे आणि पालथ्या हातानं पुसून टाकायचे. एकदा समोरच्या काकूंनी 'जाड' लिहायला घेतलं. 'जा' लिहून झालं तेवढ्यात त्यांचं पोरगं रस्त्यावर पळालं म्हणून त्या त्याच्यामागं धावल्या. परत येऊन बघतात तर गिरणी बंद आणि मामा बाहेर ओट्यावर बसलेले. का बसलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच मनल्या की, जा."

ही गोष्ट गल्लीत वर्षभर पुरली. दुसरी मात्र सांगताना आता जीभ अडखळते. गावाकडून एकजण निरोप घेऊन आला होता, त्यांचे चुलते गेल्याचा. गिरणी चालू होती. त्यानं दारातूनच ओरडून सांगितलं. मामा म्हणाले, "हाव हाव, कळालं. उद्या घेऊन जावा, आज लई दळण हाय." तो माणूस डोळे पुसत तसाच उभा राहिला. ही गोष्टही हसत हसत सांगितली जायची, आणि सांगणाऱ्यांत मीही होते.

मामांचे कान गिरणीनं खाल्ले, असं अख्खी गल्ली म्हणायची. मामाही तेच म्हणायचे. "वीस-बावीस वर्षं हिच्यापाशी उभा हाय, ती काय फुकट जेवू घालतीय का?" कुणी कानाचं मशीन लावा म्हटलं की म्हणायचे, "पीठ जातं त्यात." विषय संपायचा.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. शिवलीला नववीत माझ्या वर्गात आली. शांत पोरगी, अक्षर मोत्यासारखं, पहिल्या बाकावर बसायला मिळावं म्हणून सगळ्यांच्या आधी येणारी. पण श्रुतलेखनात तिची गंमत व्हायची. एक परिच्छेद अगदी बिनचूक आणि पुढच्यात शब्दच्या शब्द गाळलेले. मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा वही उघडली तर मधली चार ओळींची जागा चक्क कोरी. मला वाटलं, शेजारणीची वही दिसेना म्हणून थांबली. मी तिला तासभर उभं केलं. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "कान घरी ठेवून येतेस का?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बघण्याची ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती, पण ओळख पटायला मला आणखी आठ दिवस लागले. मग एके दिवशी मुद्दाम करून बघितलं. एक उतारा तिच्यासमोर उभं राहून सांगितला, दुसरा बाकांच्या मागं फिरत. पहिल्यात एक चूक नव्हती. दुसऱ्यात होते तेवढे शब्द तिनं अंदाजानं लिहिलेले होते.

त्याच दिवशी दुपारी मी गिरणीत गेले. बाया नव्हत्या. मी फळीवर लिहिलं, 'शिवलीलाला ऐकू कमी येतं.' मामांनी वाचलं. पुसलं नाही. त्यांनी बटण दाबून गिरणी बंद केली. जातं घरघरत थांबलं, आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा शांतता ऐकली.

"हळू बोला," ते म्हणाले. आमच्या ओळखीत त्यांनी कुणाला हळू बोला म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. "मी तोंड बघतो तुमचं. भायेर आवाज जायला नको."

मी सांगितलं. ते खाली बघत ऐकत नव्हते, त्यांना तसं ऐकताच यायचं नाही. माझ्या ओठांवर डोळे ठेवून सगळं घेत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "दीड-दोन साल झालं. टीव्ही मोठा करती. तिच्या आईला मनलं, पोरगी वयात येऊन ऱ्हायली, ध्यान नसतंय."

"मामा, तिनं कुठं गिरणी चालवली?"

ते हसले. तसलं हसू मला नको होतं. "मी तरी कुठं चालवली होती बाई. मी उदगीरला कापडाच्या दुकानात होतो. गिऱ्हाईक पाच मीटर मनलं की मी सात फाडायचो. मालकानं दोन येळा सांभाळून घेतलं. आईचे कान तिशीत गेलते, मला सगळं म्हाईत होतं. लोकं मनतेत गिरणीनं कान गेले. कान चालले मनून मी गिरणी घेतली. हितं कुणालाच ऐकू येत न्हाई. हितं मी सगळ्यांसारखा."

मग त्यांनी घरातला गोतावळा सांगितला. आई-वडील मामा-भाची. त्यांची बायको, आमच्या मामी, त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. थोरली बहीण, जिला ते अक्का म्हणायचे, देवणीला दिली, तीही आत्याच्याच घरात. तिलाही ऐकू येत नव्हतं. तिच्या सासरी सांगत, बाळंतपणात ताप डोक्यात गेला. आणि अक्काच्या मुलाला, महेशला, शिवलीला द्यायची हे ती पाळण्यात असतानाच ठरलं होतं.

"तपासून घ्या," मी म्हटलं.

"हाव हाव," ते म्हणाले. पुढचं 'कळालं' म्हणाले नाहीत. गिरणीचं बटण दाबलं.

तपासायला तीन वर्षं गेली. बारावी झाली, महेशच्या घरून सुपारीची घाई सुरू झाली, तेव्हा एका सकाळी मामा माझ्या दारात उभे. "नांदेडला येता का? लातुरात कुणी तरी बघंल." मामींना सांगितलं होतं की शिवलीलाच्या कॉलेजची चौकशी करायला जातोय. मी बरोबर असल्यामुळं ते खरं वाटलं. त्या खोट्यात मी होते, हे इथं लिहून ठेवते.

नांदेडच्या त्या दवाखान्यात काचेच्या छोट्या खोलीत शिवलीलाला बसवलं, कानावर हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. आम्ही बाहेरून बघत होतो. बराच वेळ तिनं बटण दाबलंच नाही. मामांचा अंगठा मात्र स्वतःच्या मांडीवर दाबला जात होता, जणू तिच्या वतीनं. कागदावर जी रेघ आली ती आधी थोडी सरळ आणि मग उतरणीला लागलेली होती. नंतर मामांना बसवलं. त्यांची रेघ कागदाच्या तळाशीच होती.

डॉक्टर तरुण होती. तिनं कोरा कागद घेतला, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल काढत गेली. प्रत्येक जोडप्यापाशी विचारायची, "हे लग्न नात्यात?" मामा म्हणायचे हाव, आणि ती दोघांच्या मध्ये दुहेरी रेघ मारायची. कान गेलेल्यांचे चौकोन आणि गोल तिनं काळे केले. कागद भरला तेव्हा दुहेरी रेघ नाही असं जोडपं एकच होतं.

तिनं सावकाश, मामांकडं तोंड करून सांगितलं. "हा दोष आई आणि वडील, दोघांकडून आला तरच कान जातात. एकाकडूनच आला तर माणूस चांगला ऐकतो, त्याला कधी कळतही नाही. तुमच्या घराण्यात तो फिरतोय. नात्यात लग्न झालं की दोन्हीकडून तोच यायची शक्यता वाढते. यात कुणाचं पाप नाही."

"गिरणी?" मामांनी विचारलं.

"गिरणीनं थोडी भर घातली असेल. सुरुवात गिरणीनं केलेली नाही."

"हिचं कवा जाईल?"

"हळूहळू. किती ते सांगता येत नाही. मशीन आत्ताच लावा. आणि आतेभावाशी लग्न ठरवायच्या आधी त्यालाही घेऊन या."

परतीच्या बसमध्ये शिवलीला खिडकीपाशी, मामा मधे, मी कडेला. बस लोह्याला थांबून निघाली. मग खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

तिचं तोंड काचेकडं होतं. तिचा खांदा हलला तेवढा त्यांना दिसला असावा. ते म्हणाले, "हाव हाव, कळालं."

तिनं वळून बघितलं नाही. मी ऐकलं होतं, पण काय करायला हवं होतं ते मला सुचलं नाही.

मामींना मशीन बघून रडू फुटलं, आणि मग त्यांनी रडणं थांबवून पुढचं ठरवलं. सुपारीच्या दिवशी मशीन काढायचं, केस कानावर घ्यायचे. महेशला तपासायचं नाव काढायचं नाही. "लगीन होऊ द्या, मग त्यांचं ती बघतील. आपलं न्हाई का झालं?" मामांनी अक्काच्या घरी फोनवरून सांगून बघितलं, म्हणजे मामींनी फोनवर बोलायचं आणि त्यांनी बाजूला बसायचं. मामी काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. ते बाजूला बसून मान हलवत होते.

सुपारीला मला बोलावलं होतं. देवणीहून दोन जीप भरून माणसं आली. अक्का ठसठशीत, हसऱ्या, जरीचं लुगडं नेसलेल्या. त्या कुणाशी फार बोलत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या. सासरची माणसं तो त्यांचा मानी स्वभाव म्हणून कौतुकानं सांगायची. महेश भला मुलगा. आईला काही सांगायचं असलं की तिच्यासमोर येऊन बसायचा, मग बोलायचा.

चहा झाला. सुपारी ताटात आली. तेवढ्यात महेशचे थोरले काका म्हणाले, "एक इचारायचं राहिलं. पोरीच्या कानाचं काय तरी गल्लीत ऐकलं आम्ही."

"कुठं काय," मामी म्हणाल्या. "घरात गिरणी हाय. मोठ्यानं बोलायची सवय सगळ्यांना. ह्यांचे कान गिरणीनं गेले, पोरीला काय झालं न्हाई."

मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मामींचे ओठ वाचले होते. ते उठले.

"थांबा. गिरणीचा दोष न्हाई. माझ्या आईचे कान गेले, माझे गेले, आता लेकीचे चालले. मशीन दिलंय तिला, लावलं की ऐकती. ते झाकून मी पोरगी देणार न्हाई. आन् महेशला तपासल्याबिगर तर देणारच न्हाई."

काका म्हणाले, "असं कसं? तुमच्या बहिणीचे तर बाळंतपणात गेले."

मामांनी अक्कांकडं बघितलं. त्या पलीकडं बायांत बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मामांनी मोठ्यानं विचारलं, "अक्का, तुला लगनाच्या आधीपासूनच येत न्हवतं ना ऐकू?"

शेजारणीनं दंडाला हात लावला तेव्हा अक्का वळल्या. सगळे आपल्याकडं बघतायत हे त्यांनी पाहिलं आणि त्या गोड हसल्या. "झाला की चहा. लई चांगला केलाय."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. मग ते हसणंही थांबलं.

महेश उठला, आईसमोर बसला आणि त्यानं तिला सावकाश सांगितलं, मामांनी काय विचारलं ते. अक्कांचं हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, उभ्या राहिल्या आणि कुणाकडं न बघता जीपमध्ये जाऊन बसल्या. महेश दारात थांबला. "मामा, हे घरात सांगायचं होतं," एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळं ते जास्त लागलं. ताट तसंच राहिलं.

शिवलीला दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. मशीन लावलेलं होतं. मला वाटलं, रडायला आली असेल. ती उभ्या उभ्या बोलली.

"बाई, मला महेश आवडत होता. मला कुणी विचारलं? पप्पा वीस वर्षं गिरणीचं नाव सांगत राहिले, तेव्हा चाललं. माझ्या वेळेला त्यांना खरं बोलायचं सुचलं. आणि तुम्ही. तुम्ही मला एकदा वर्गासमोर उभं केलं होतं. आता नांदेडला नेऊन सगळ्यांसमोर केलं."

ती पुढं नांदेडला शिकायला गेली आणि तिथंच एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली. महेशचं लग्न त्याच वर्षी झालं. मुलगी काकांच्या नात्यातली. तपासणी कुणीच केली नाही.

मामींनी मामांशी बोलणं सोडलं. नवऱ्याला ऐकू येत नसताना त्याच्याशी न बोलणं म्हणजे काय, ते मी त्या घरात पाहिलं. त्या त्यांच्याकडं तोंड करेनात. ताट ठेवायच्या आणि वळायच्या. असं सहा-सात महिने चाललं.

सोमवारी गिरणी बंद असायची. दर सोमवारी मामा देवणीची बस धरायचे. अक्कांच्या ओसरीवर तासभर बसायचे आणि परत यायचे. मी विचारलं, काय म्हणतात अक्का? "मला बघितलं की भिताडाकडं तोंड करून बसती. मी कितीबी वरडलो तर काय उपेग हाय?"

"पश्चात्ताप होतो का मामा?"

"खरं बोललो त्याचा न्हाई," ते म्हणाले. बराच वेळ पिठाची फळी पुसत राहिले. "अक्काला चारचौघात इचारलं, त्याचा होतो. तिला पुढं करून मी खरा ठरलो. माझं माझं बोलून बसायचं होतं खाली."

नांदेडच्या डॉक्टरनं काढलेला तो कागद त्यांनी जपून ठेवला होता. तो त्यांना अपुरा वाटायला लागला. जुन्या कॅलेंडरची पानं पाठीमागून चिकटवून त्यांनी मोठा कागद केला आणि सोमवारी देवणीऐवजी कधी उमरी, कधी किल्लारी, कधी आणखी आतली गावं, असं जायला लागले. ऐकू न येणारा माणूस, पिशवीत तो कागद आणि एक पेन. म्हाताऱ्या बायांना ते कानाचं विचारायचेच नाहीत. विचारायचे, "तुमच्या घरात मोठ्यानं बोलायचं वळण कुणामुळं पडलं?" मग नावं निघायची. कुणाचे कान टायफॉइडनं गेलेले, कुणाचे दिवाळीच्या फटाक्यानं, कुणाचे विहिरीत पडून. एकाला घरची माणसं डोक्यानं कमीच समजत होती, म्हातारा होईपर्यंत. "परतेक घराची एकेक गिरणी हाय बाई," मामा मला म्हणाले. असं नाव कळलं की ते तो गोल काळा करायचे, हळुवार, रेघेबाहेर शाई जाऊ न देता.

भावकीला हे आवडलं असेल असं समजू नका. लग्नकार्यात मामा दिसले की पोरं म्हणायची, कागद आला. पत्रिका यायच्या कमी झाल्या. उमरीला एका घरात त्यांच्या हातातला कागद हिसकावून फाडला. "आमच्या पोरी खपू द्यायच्या न्हाईत का तुला?" ते तुकडे गोळा करून आले आणि दोन महिने बसून पुन्हा काढला. एवढं करून किती जणांनी ऐकलं? माझ्या माहितीत एका घरानं मुलाला तपासून आणलं, दुसऱ्या एकानं ठरलेलं लग्न पुढं ढकललं. बाकी सगळ्यांनी मामांना चहा पाजला आणि बसस्टँडवर सोडलं.

शिवलीलानंही त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं, ते पुन्हा सुरू झालं फोनमुळं. ती आईला व्हिडिओ कॉल करायची, मामा मागून डोकावायचे. एक दिवस मामींनी चिडून फोन त्यांच्याच हातात दिला. मी तिथं होते. शिवलीलाच्या लक्षात आलं असावं, की या माणसाशी बोलायला आवाज लागत नाही. तिनं नुसते ओठ हलवले. मामांनीही नुसते ओठ हलवले. दोघं पाच मिनिटं बोलले आणि खोलीत एक शब्द उमटला नाही. मामा मधेच पोट धरून हसले. पुढं ते रोजचंच झालं. मामी माझ्याकडं तक्रार करायच्या, "दोघंजण माझ्याच घरात माझ्यापुढं काय बोलून ऱ्हायलेत मला कळंना!" त्या तक्रारीत कितीतरी दिवसांनी बरं वाटल्याचा सूर होता.

गिरणीनं त्यांचे कान नेले नव्हते, पण छाती नेली. पिठाचा दम. मागच्या थंडीत दोन दिवस दवाखान्यात होते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यांच्यात गेलेल्याला निजवत नाहीत, त्या रीतीप्रमाणं त्यांना बसवलं, हार घातला, कपाळाला विभूती लावली. देवणीहून अक्का आल्या. गर्दीतून वाट करून त्या भावाजवळ गेल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि बरंच काही बोलल्या. इतक्या हळू की शेजारी बसलेल्या मामींनाही त्यातलं काही कळलं नाही.

त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी मी मामींकडं बसायला गेले होते. शिवलीला रजेवर होती. खिडकीत चार्जिंगला लावलेला मामांचा फोन उजळला. तिनं उचलला. पडद्यावर एक बाई, किल्लारीची. मामा तिच्या घरी दोनदा जाऊन आले होते.

"मामा हाईत का?"

शिवलीलानं सांगितलं. त्या बाईनं पदर तोंडाला लावला.

"मला म्हाईतच न्हवतं वो ताई. मामा मनले होते, तुझ्या लेकीला एक डाव मला दाखव फोनवर. मनून लावला. शाळेतल्या बाई मनतेत ध्यान देत न्हाई. ह्यांना सांगितलं तर मनतेत, मस्ती हाय अंगात. मला बी तसंच वाटतंय. घरात सगळं ऐकती. समोर बसून सांगितलं की एका दमात ऐकती."

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आणा तिला समोर."

फोन हलला. छत दिसलं, चुलीजवळची भांडी दिसली, आणि मग एका पोरीचा चेहरा. शाळेचा गणवेश, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला. आई तिच्या मागं उभी राहून फोन धरून होती.

शिवलीला हसली. फोन जवळ घेतला आणि ओठ हलवले. मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, मला काहीही ऐकू आलं नाही. ओठांवरून एवढं कळलं, नाव विचारलं तिनं, आणि कितवीत आहेस ते.

"ताई, आवाज येईना तुमचा," मागून आई म्हणाली. "रेंज गेली जणू."

पोरगी पडद्याकडं टक लावून बघत होती.

"गौरी," ती म्हणाली. "तिसरी ब."